तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

ती घटना आठवली की मला अजूनही आधी तो आवाज ऐकू येतो. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. बिघडलेल्या हार्ड डिस्कचा. नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, दंगलीत दगड खाल्ले, पण त्या एवढ्याशा डबीने माझा जेवढा जीव टांगणीला लावला तेवढा दुसऱ्या कशानेच लावला नाही.

तेव्हा मी आटपाडीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. एक दिवस चाळिशीची एक विधवा बाई फिर्याद द्यायला आली. गोठ्यातला खिलार बैल चोरीला गेला होता. नाव पाखऱ्या. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून अशा पळणाऱ्या बैलाला मोटारीची किंमत आली आहे, त्यामुळे चोर का आला याचं मला नवल वाटलं नाही. पण बाई किमतीचं बोलतच नव्हती.

"मालकांनी तळहातावर पेंड चारून वाढवलाय त्याला," ती म्हणाली. "आदल्या साली छातीत कळ आली आन् मालक गेलं. पोरबाळ न्हाई आमास्नी. त्यांच्यामागं घरात त्यो एकच हुता बघा, साहेब."

गुन्हा नोंदवून घेतला. काही दिवसांनी बैलांच्या बाजारात दलाली करणाऱ्या आमच्या खबऱ्याने निरोप धाडला. आष्ट्याकडच्या एका गाडामालकाकडे नवा बैल आलाय, पण तो त्याला दाराबाहेर काढत नाही. शर्यतीचा बैल घेतला की माणूस आधी गावभर मिरवतो. जो मिरवत नाही त्याच्या व्यवहारात काहीतरी गोम असते, हे सांगायला पोलीस लागत नाही.

आम्ही गेलो. बैल होता, पण शिंगं नव्याने तासलेली, मागच्या फऱ्यावर डागणीचा ताजा डाग, आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर सरकारी नोंदीत त्या गाडामालकाच्याच नावावर. गडी पक्का होता.

"घरच्या गाईचा खोंड हाय साहेब. बिल्ला बघा, दाखला बघा," तो म्हणाला. "त्या बाईचं काय, तिला समदीच पांढरी बैलं आपली वाटणार."

बैल जप्त करून ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली बांधला. बाईला ओळख पटवायला बोलावलं. ती धावत गेली, तर बैलाने शिंग उगारलं. चौकशीला आलेला गाडामालक मोठ्यानं हसला, "बघा, मालकीणबाई!" बाई रडवेली झाली. "माझं कवाच ऐकत नव्हता वो त्यो. मालकाबिगर कुणाला जवळ येऊ देत नव्हता."

गाडामालकाने बैलाचा ताबा मिळावा म्हणून कोर्टात अर्ज टाकला. तारीख पडली. त्याच्याकडे कागद होते आणि आमच्याकडे एका बाईचा शब्द. रक्ताची तपासणी करावी तर पाखऱ्याची आई कधीच बाजारात विकली गेलेली. बैल एकदा त्याच्या दावणीला गेला, की टेम्पोत घालून तो सीमेपलीकडे कर्नाटकात धाडायला त्याला कितीसा वेळ लागणार? आणि त्यात बैल वैरणीला धड तोंड लावेना. मी दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून गव्हाण बघायचो. मुद्देमाल उपाशी मेला तर कोर्टाला काय सांगायचं, ही धास्ती वेगळीच.

बाईलाच एक गोष्ट आठवली. मालक जाण्याआधी एकदा पाखऱ्याला शर्यतीत पळवलं होतं. गटाच्या फेरीतच जोडी हरली. मैदानावर एक शूटिंगवाला होता. मी हवालदाराला कामाला लावलं. जिंकलेल्या गाड्यांचं चित्रीकरण मोबाईलवर कुणालाही सापडत होतं, पण गटात हरलेल्यांचं कोण टाकतो? ते असलंच तर शूटिंगवाल्याच्या हार्ड डिस्कमध्ये. त्यात बैलाची आधीची शिंगं दिसणार, कानातला मूळ बिल्ला दिसणार, आणि शेजारी बाईचा नवरा. आम्हाला आणखी काय हवं होतं?

शूटिंगवाल्याला बोलावलं. आधी म्हणाला, डिस्क गावाकडे आहे. मग म्हणाला, मित्राने नेलीय. बोलताना घाम पुसत होता. गाडामालकाने याला फोडलाय, असं मी धरून चाललो. त्याला समोर बसवलं, चहा दिला आणि काहीही न विचारता माझी इतर कामं करत बसलो. दरडावलं की माणूस खोटं तयार करतो. गप्प बसवलं की त्याचं त्यालाच ते खोटं पेलवेनासं होतं. चहावर साय धरली आणि गडी हुंदके देऊ लागला.

"साहेब, डिस्क पडली वो. परवाच्या एका मैदानात फायनलला गुलाल उधळला, माणसं नाचत टेबलावर आली. त्यात गावातल्या तीन लग्नांचं शूटिंग हाय. अजून कुणाला दिल्यालं न्हाई. कळलं तर लग्नवाली मला सोलून काढतील."

"आता कुठाय डिस्क?"

"तांदळाच्या डब्यात."

मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, तसं त्याने केलं होतं. आणि रोज डब्यातून काढून, फुंकर मारून लॅपटॉपला जोडून बघायचा. हसावं का कपाळावर हात मारावा, मला कळेना. डिस्क आली तेव्हा तिच्या फटीत गुलाल होता आणि तांदळाची कणी होती. मी थांबवायच्या आत त्याने ती जोडूनही दाखवली. टक, टक, टक. त्या बाईचा सगळा आधार त्या आवाजाच्या पलीकडे कुठेतरी अडकून पडला होता.

सरकारी प्रयोगशाळेत रांग मोठी. वरिष्ठांची परवानगी घेऊन, डिस्क सीलबंद करून हवालदाराबरोबर पुण्याला एका खासगी ठिकाणी पाठवली. तिथल्या मॅडमचा फोन आला.

"साहेब, आता ही कुणीही जोडू नका. आतली वाचणारी सुई तबकडीवर घासतेय. दर वेळी थोडं कायमचं पुसलं जातंय. तशाच दुसऱ्या डिस्कची सुई बसवून एकदा वाचायचा प्रयत्न करते. दुसरी संधी मिळेलच असं नाही."

ते दिवस वाईट गेले. फोन वाजला की नंबर पुण्याचा आहे का, ते मी आधी बघायचो. बाई रोज एसटीने यायची, कडब्याची पेंडी बैलापासून लांब ठेवायची आणि व्हरांड्यात बसून राहायची. एकदाच तिने विचारलं, "साहेब, त्या मिशनीत मालक सापडतील न्हवं?" मी हो म्हणालो.

तारखेच्या तोंडावर हवालदार परतला. बरंच काही परत आलं होतं. तिन्ही लग्नं धडधाकट निघाली, अगदी पंगतीसकट. आमचा गट मात्र सुरू झाला आणि पडद्यावर नुसते हिरवे-राखाडी चौकोन. बैल नाही, माणूस नाही. फक्त आवाज स्वच्छ होता.

निदान आवाज तरी ओळखावा म्हणून बाईला आत बसवलं. गाडामालकही त्या दिवशी जबाबासाठी आलेला, बाहेर बाकावर बसला होता. खिडकी उघडी होती. हवालदाराने आवाज मोठा केला. गर्दीचा गलका, निवेदकाची आरडाओरड, आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक पुरुषी हाक.

"ये पाखऱ्या! ये माझ्या वाघा, ये, ये! हरला तर हरू दे रं, तू ये!"

बाईने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात बाहेर बादली कलंडल्याचा आवाज आला. शिपाई ओरडला, "साहेब, बैल दावं तोडतोय!" इतके दिवस मान खाली घालून उभा असलेला तो बैल कान टवकारून खिडकीकडे ओढ घेत होता. हंबरत होता. दावं तुटलं, आणि तो सरळ येऊन खिडकीच्या गजांना तोंड लावून उभा राहिला. आत बघत होता.

गाडामालक बाकावरून उठला होता. चोर असला तरी तो बैलवाला होता. त्याने ते पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"बंद करा साहेब त्यो आवाज," तो म्हणाला. "सांगतो."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं आणि त्याने स्वतःच्या गोठ्याच्या आढ्यात खोचलेला पाखऱ्याचा मूळ बिल्ला काढून दिला. आपल्या मेलेल्या बैलाचा बिल्ला त्याने पाखऱ्याच्या कानात अडकवला होता. मूळ बिल्ल्याचा नंबर जनावरांच्या दवाखान्यात बाईच्या नवऱ्याच्या नावावर निघाला. आपल्याकडे माणूस चोरी करील, पण पुढेमागे उपयोगी पडेल अशी वस्तू टाकून देणार नाही. हवालदाराने विचारलं, "साहेब, बैलाचा जबाब कसा लिहायचा?" मी म्हणालो, "लिहू नका. कोर्टाला बिल्ला पुरे."

बैल बाईच्या ताब्यात मिळाला. जाताना त्या आवाजाची एक प्रत मी तिच्या मोबाईलमध्ये घालून दिली. फार मोठं काम केलं असं तेव्हा वाटलं.

निवृत्तीनंतर म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना वाट वाकडी करून तिच्या वस्तीवर गेलो. पाखऱ्या अंगणात बांधलेला, अंग तुकतुकीत. मी सहज विचारलं, "मालकांचा आवाज ऐकता का कधी?"

"आल्या आल्या एकदा लावला," ती म्हणाली. "मग दोन-तीन दिस ह्यानं वैरणीला तोंड लावलं न्हाई. रस्त्याकडं बघत हुबा. मला ठावं हाय साहेब, त्ये येत न्हाईत. ह्याला कुणी सांगायचं?"

हरवलेलं शोधून दिलं की आम्ही कागदावर सही करून फाइल बंद करतो. ज्याला ते परत मिळतं त्याचं पुढे काय होतं, हे विचारायची आम्हाला सवय नाही. ती सवय मला त्या अंगणात लागली, आणि तोवर माझ्याकडे एकही फाइल उरली नव्हती.

"मग पुसून टाकला?" मी विचारलं.

"आवं, पुसून कसा टाकीन? ऐकू वाटलं की मोबाईल घिऊन लांब जाते, पार वड्याच्या पल्याड. ह्याला ऐकू जाऊ न्हाई एवढं लांब."

हे सगळं ती दबक्या आवाजात सांगत होती. बैल जवळच बांधलेला होता.