त्यांना काही कळत नाही, असं कोण म्हणतं?

"डोळे उघडलेत, पण जाणीव नाही. याला अनरिस्पॉन्सिव्ह वेकफुलनेस म्हणतात. म्हणजे झोप आणि जाग चालू आहे, पण आत कळणारं कोणी नाही."

संभाजीनगरच्या हॉस्पिटलात, आयसीयूच्या दाराशी डॉक्टरांनी मला हे सांगितलं. आत माझे यजमान होते.

आधी ताप, मग डोकेदुखी, मग मेहकरच्या घरी अंगणातच आलेली फिट. निदान झालं एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला सूज. तिथवर मी सगळं मुकाट्यानं ऐकलं. पण 'कळणारं कोणी नाही' ऐकून माझं डोकं फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूची आकृती फळ्यावर न बघता काढते. मी विचारलं, "हे तुम्हाला समजलं कसं?"

त्यांनी ईईजी दाखवला, मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. नखावर पेन दाबलं की हात मागे जातो, तो रिफ्लेक्स, विचाराविना होणारी हालचाल. हाक मारली तर नजर वळत नाही.

"म्हणजे तुम्हाला बाहेरचं दिसतंय. आतलं नाही."

डॉक्टर भले, चिडले नाहीत. "खरंय. लहरी मोजता येतात. त्यांच्यातून दुखणं कसं उमटतं, गोड चव कशी जाणवते, याबद्दल सिद्धांत आहेत, एकमत नाही. मी शक्यता सांगतोय."

मग आधीच तसं म्हणा ना!

नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब, तिच्यातून पातळ अन्न, अशा अवस्थेत आम्ही त्यांना घरी आणलं. आणि आमच्याकडची रीत सुरू झाली. माणूस असा पडून राहिला की त्याचा जीव कशात तरी अडकलाय म्हणायचं आणि इच्छा पुरवून त्याला मोकळं करायचं. डोणगावहून यांच्या आत्याबाई आंब्याचा रस घेऊन आल्या.

"याले लहानपणापासून रस लय आवडे व. दोन चमचे पाज, म्हंजे सुटन बिचारा."

गिळता न येणाऱ्याला तोंडानं पाजलं तर ते फुप्फुसात जातं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी वाटी काढून घेतली. आत्याबाई फुगल्या. तिथेच यांच्या उशाशी बसून माझ्या दिराशी तेरवीचं, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचं बोलू लागल्या. आचारी कोण, बुंदी की जिलेबी. "त्याले काय कळते आता!"

यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. इथं बसायचं तर यांच्याशी बोलायचं, यांच्याबद्दल नाही, असं सुनावलं. सुनेनं असं बोलावं का? बोलले. डॉक्टर फोनवर म्हणाले, तेही रिफ्लेक्स असू शकतं. असेल, नसेलही. ज्याचा निकाल शास्त्राकडे नाही आणि आत्याबाईंकडेही नाही, तिथे मी नवऱ्याच्या बाजूनं उभी राहणार.

रोज पेपर वाचून दाखवला. हातपाय हलवून व्यायाम दिला. बाई भिंतीशी बोलते, असं शेजारी म्हणायचे. पावसाळा सरता सरता त्यांची नजर माझ्यामागे फिरली. मग बोट हललं, मग अडखळते शब्द आले. आता ते काठी टेकत ओट्यावर येतात आणि चहा उशिरा झाला की कुरकुरतात.

बोलता यायला लागल्यावर मी विचारलंच, "तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

ते म्हणाले, "नाही व. मले काहीच याद नाही."

"मंग! मी काय म्हणत होती?" भेटीला आलेल्या आत्याबाई म्हणाल्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? मग राग आला. तान्ही असताना तापात मी रात्रभर कळवळत होते, असं आई सांगायची. मला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून काय मला तेव्हा दुखलं नव्हतं?

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, "याचं उत्तर माझ्याकडे नाही." त्यांच्या औषधांइतकेच या वाक्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

तुमच्या घरी असं कोणी पडून असेल, तर कूस बदलण्याआधी त्यांना सांगा की आता वळवते आहे. सगळेच परत येत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी सांगा. आणि दारात उभं राहून कोणी म्हणालं की कशाला बोलता, आत कोणी नाही, तर त्याला विचारा, "तुम्ही आत जाऊन आलात का?"