हनुवटीवर चालणारी खुर्ची

माझ्या धाकट्या भावाचं केस कापण्याचं दुकान. कात्री एका डोक्यावर, तोंड गावभर. गल्लीत त्याला रेडिओ म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. पाटी लावताना शिडीवरून पडला, मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं. जिभेला मात्र खरचटलंसुद्धा नाही.

दुकान आता त्याची लेक चालवते. ह्याला विजेची खुर्ची आली. हनुवटीखाली छोटी दांडी असते. ती ढकलली की खुर्ची पुढे, बाजूला नेली की वळते. कानाजवळचं बटण डोक्याने दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. सोपं आहे, पण गप्प बसणाऱ्याला! हा बोलला की हनुवटी हलणार, हनुवटी हलली की खुर्ची निघणार. पहिल्याच दिवशी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता ठेवता स्वारी थेट कपाटावर आदळली.

लेकीने बजावलं, "बाबा, बोलायचं तर आधी बंद करायचं. जमलं तर एकटे दुकानात या. नाहीतर मी ढकलत नेईन."

ढकलत नेण्याचंच तर त्याला वावडं.

"ताई, शिकव ना मला."

"तुला गप्प बसवायला लहानपणापासून झटतेय मी. चल, बस समोर."

मी मुद्दाम त्याला डिवचायची. तो उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि खुर्ची माझ्या पायावर. दोन्ही पायांची नखं काळीनिळी झाली, तेव्हा कुठे आधी बटण, मग तोंड, हे अंगवळणी पडलं.

मग एका सकाळी दुकानाकडे निघाला. मी बरीच मागे राहिले. औषधवाला ओरडला, "काय रेडिओ, कसं काय?" ह्याने नुसते डोळे मिचकावले. भाजीवाली म्हणाली, "गाडी आली, आता गरिबांशी कोण बोलतंय!" ह्याचे कान लाल झाले, तोंड बंद.

कोपऱ्यावर दोघं जण त्याच्याच पडण्याची गोष्ट सांगत होते, आणि साफ चुकीची. म्हणे, झाडावरून पडला! खुर्ची मंदावली. मी मनात म्हटलं, गेला आता कडेच्या नाल्यात.

टक्. बटण दाबलं. मग दोघांची यथेच्छ हजेरी घेतली. पुन्हा टक्, आणि निघाला.

दुकानात लेकीने वस्तरा थांबवून विचारलं, "इतका वेळ?"

टक्.

"रस्त्यात कामं होती," तो म्हणाला, आणि तोंडाला फेस लावून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे त्याने मान वळवली. "हं, घरचं काय म्हणतंय? तुम्ही हलू नका, मीच बोलतो."