पाच वाजताची घंटी

चहात बुडवलेल्या टोस्टचा वास आला की मला उज्जैनचं, फ्रीगंजमधलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं. घरात मी, त्यांचा लाडका कुत्रा आणि नवाच लागलेला फोन. मुलगी दर रविवारी पुण्याहून फोन करायची, पण घंटी वाजली की कुत्रा असा भुंकत सुटायचा की तिचं बोलणं ऐकूच यायचं नाही. "आई, नंतर करते," म्हणून ती ठेवून द्यायची. एकदा रागाने मी त्याला छडी मारली, तर तो दिवसभर पलंगाखालून निघाला नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मारिए मत. रोज घंटी बजवाइए, और चुप होते ही टोस्ट का टुकड़ा दीजिए." पण मला रोज फोन कोण करणार? शेवटी टावर चौकातल्या एसटीडीवाल्या भैयाला गळ घातली. तो रोज पाच वाजता घंटी द्यायचा, मी फोन न उचलता टोस्ट घेऊन बसायची. महिन्याभरात कुत्रा घंटी ऐकून गुपचूप पायाशी येऊन बसायला लागला. त्या रविवारी मुलीचा शब्दन् शब्द ऐकू आला. ती चार मिनिटं बोलली. सोमवारी पाच वाजता मी पहिल्यांदाच भैयाचा फोन उचलला. "सीख गया क्या, आंटी? अब बंद कर दूँ?" कुत्रा शांत बसला होता. "अभी कहाँ, भैया," मी म्हटलं, "थोड़े दिन और बजा दो." पुढे कितीतरी महिने तो घंटी देत राहिला, पण पुन्हा एकदाही त्याने विचारलं नाही. आता वाटतं, त्याला कळलं असावं.