ज्वारीच्या कोठीतली बॅटरी

लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायचा कॉम्प्युटर, असं ज्यांनी मला सांगितलं त्यांनी तो स्वतः कधी मांडीवर ठेवला नसावा. आमचा लॅपटॉप पाट्यासारखा जड होता आणि तापला की मांडी भाजायचा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कुणा परदेशी माणसानं वापरून झाल्यावर तो नगरच्या एका संस्थेला देणगी म्हणून दिला, आणि संस्थेनं तो माझ्या खांद्याला अडकवला. मंगळवारी नि शुक्रवारी भिंगारहून निघायचं, नगरच्या स्टँडवर एसटी धरायची, सोनईला उतरायचं आणि तिथल्या शाळेतल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा. माझी ही पहिली नोकरी. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण घराबाहेर पडायला मला तेवढं कारण पुष्कळ होतं.

सोनईत दिवसा लाईट असली तर असली. त्यामुळे आमचा वर्ग चालायचा तो बॅटरीवर. सुरुवातीला दीड-दोन तास सहज निघायचे. एक मुलगी मशीनवर बसायची आणि बाकीच्या पुठ्ठ्यावर. म्हणजे साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर मी पेनानं सगळा कीबोर्ड काढून दिला होता, त्यावर त्या बोटं मारायच्या आणि तोंडानं अक्षरं म्हणायच्या. बॅटरी पुरावी म्हणून मी स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवायची. मग उन्हात काही दिसायचं नाही, म्हणून मशीनवर वाकून डोक्यावरून चादर घ्यायची. एकदा हेडमास्तर डोकावले. चादरीखाली तीन पोरी बघून ते म्हणाले, "सगळ्यांनाच सर्दी झालीय का? वाफारा कसला घेताय?"

पण बॅटरी काही आहे तशी राहीना. दिवाळीपर्यंत ती तासावर आली, नाताळ झाल्यावर पाऊण तासावर. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. माझे सासरे लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. उभा जन्म ट्रकच्या बॅटऱ्यांत गेलेला. त्यांनी ही बॅटरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, पाणी घालायची बुचं शोधली आणि बुचंच नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "बॅटरी दर वेळी भरली की कणभर मरती. जेवढ्या वेळा भरशील तेवढी मरणार. त्याला इलाज न्हाई." असं म्हणून झाल्यावर मात्र ते रोज संध्याकाळी तिच्याखाली धुतलेलं फडकं घालायचे, चार्जिंगला लावायचे आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचे. घरात तान्हं मूल नव्हतं, ती हौस त्यांनी तिथं भागवली.

एप्रिलच्या शेवटी वर्ग संपला. शेवटच्या दिवशी मुलींनी बॅटरी अगदी तळापर्यंत संपवली. त्याच संध्याकाळी मला निरोप आला की माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. मी बॅग कोपऱ्यात ठेवली आणि पहाटेच्या गाडीनं अकोल्याकडे माहेरी गेले. परत आले ती जून उजाडल्यावर. संस्थेच्या बाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "देणगीदारांकडून पुण्याच्या एक बाई वर्ग बघायला येणारेत. त्यांना पटलं तर पुढं चालू, नाहीतर मशीन ऑफिसात जमा." मशीन जमा म्हणजे मीही घरात जमा, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

घरी येऊन बॅग उघडली तर बॅटरीची जागा रिकामी. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "थांब, हाय की," आणि स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कोठीत त्यांनी खांद्यापर्यंत हात घातला. खालून नायलॉनच्या पिशवीत गुंडाळलेली बॅटरी निघाली. पिशवीत चार कडुनिंबाची पानंही होती, किडे लागू नयेत म्हणून.

"टॉर्चचं सेल काढून ठेवत्यात का न्हाई?" त्या म्हणाल्या. "न्हाईतर पाणी सोडत्यात आणि टॉर्च खात्यात. म्या म्हणलं, मशीनला धोका नको. आन् ज्वारीत दमट लागत न्हाई."

त्यांची सोन्याची बोरमाळ त्याच कोठीत राहायची. म्हणजे बॅटरीला त्यांनी केवढा मान दिला होता. पण मला तेव्हा मानबिन काही दिसला नाही. चार्जिंगला लावली तर लाल दिवा नुसता डोळे मिचकावायचा. नगरच्या दुकानदारानं विचारलं, "किती दिवस रिकामी ठेवली?" दीड महिना म्हटल्यावर त्यानं बॅटरी काउंटरवर माझ्याकडे सरकवली. भरलेली ठेवली असती तर तरली असती, रिकामी ठेवली की आतले सेल उपाशी मरतात, असं त्याचं म्हणणं. नवी बॅटरी मुंबईहून मागवावी लागणार होती, आणि किंमत ऐकून मी गुपचूप पायरी उतरले.

मी तापट. पण मोठ्यांशी भांडायची सोय नाही, म्हणून मी रागावले की आमच्या घरात भांडी बोलतात. त्या आठवड्यात ती फार बोलली. सासूबाईंशी मी कामापुरतं हूं नि हां, त्यापुढं एक शब्द नाही. त्यांनी दोनदा माझ्या आवडीची थालीपिठं केली. मी ती खाल्ली आणि ताट उचलून गेले.

गुरुवारी आमच्याकडे चर्चमधल्या बायकांची प्रार्थना असायची. सासूबाईंनी चहाच्या कपांशेजारी टेबलावर बॅटरी आणून ठेवली. एकीनं विचारलं, "आजारी कोणे?" तर त्या म्हणाल्या, "ही." आणि त्या भल्या बायांनी डोळे मिटून खरंच प्रार्थना केली, की प्रभू, या यंत्राला बळ दे आणि आमच्या सुनेचं काम राख. मी आत ओट्याशी तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि हसू आल्याबद्दल माझा मलाच राग येत होता.

सासऱ्यांचा मार्ग वेगळा. दुसऱ्या दिवशी बघते तर पत्र्यावर त्यांच्या ट्रान्झिस्टरचे सेल ऊन खात पडलेले आणि त्यांच्या रांगेत माझी बॅटरी. सेलला ऊन दाखवलं की दोन दिवस जास्त चालतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक. दुकानदारानं मात्र बॅटरी उन्हापासून लांब ठेवा असं मला बजावलं होतं. मी शिडीवर चढून ती खाली आणली, पोळत होती अगदी. त्यानंतर सासऱ्यांनी नाद सोडला नाही, फक्त सावलीत नेला. भरायची, संपवायची, परत भरायची. आठवडाभरानं ती कशीबशी दहा मिनिटं तग धरायला लागली. हे प्रार्थनेनं झालं की सासऱ्यांच्या हट्टानं, यावर सासूबाईंचं नि त्यांचं अजून एकमत नाही.

बाई यायच्या त्या दिवशी मी निघाले तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

"कुठं?" मी विचारलं.

"सोनईला. मला काम हाय."

एसटीत त्यांनी बॅटरी फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायच्या. घोडेगाव गेलं तरी आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

पुण्याच्या बाई उशिरा आल्या. चष्मा, सुती साडी, हातात पेन. लाईट अर्थातच नव्हती. आमचं ठरलं होतं, प्रत्येक मुलीनं स्वतःबद्दल इंग्रजीत एक ओळ टाईप करायची आणि उठायचं, खो-खोसारखं. मशीन सुरू व्हायलाच तीन मिनिटं गेली. पण पोरींनी कमाल केली. एक उठली की दुसरी बसलेली, कुठं अडखळणं नाही. सहावी मुलगी बसली. तिची ओळ होती, माझे वडील कांदा पिकवतात. ऑनियन्समधली पहिली तीन अक्षरं झाली, मशीन दोनदा टुकटुकलं आणि स्क्रीन काळा झाला.

बाईंनी घड्याळात पाहिलं. "एवढंच चालतं?"

मी उत्तर पाठ करून आले होते. ते सांगणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून सासूबाई उठल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई, चर्चमध्येसुद्धा चार माणसांपुढं कधी उभी राहिली नाही.

"मी हिची सासू," त्या म्हणाल्या. "बॅटरी म्या मारली. हिनं लई जपली हुती. ही माहेरी गेल्ती तवा म्या काढून ज्वारीत ठिवली. हिची काय चूक न्हाई, पोरींची तर न्हाईच न्हाई. तुमाला काय बोलायचं ते मला बोला. पर मशीन नेऊ नगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्वारीत?"

"व्हय. निंबाचा पाला बी घातला हुता."

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही. मग त्यांनी विचारलं, "पण एवढ्याशा बॅटरीवर या मुली शिकल्या कशा?" सासूबाईंनी बाकावरचा एक पुठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो सहाव्या मुलीपुढं ठेवला आणि राहिलेली ओळ पूर्ण कर म्हणाल्या. पोरीनं खाली पाहिलंसुद्धा नाही. बाईंच्या चष्म्याकडे बघत तिनं उरलेली तीन अक्षरं मारली, ओ, एन, एस, आणि फुलस्टॉप.

"झालं?"

"व्हय. फकस्त सेव्ह न्हाई झालं."

त्यावर सगळा वर्ग हसला. जाताना बाई मला म्हणाल्या, "वर्ग चालू राहील. बॅटऱ्या दोन पाठवते. ठेवायच्या असतील तेव्हा भरून ठेवा, आणि यांच्या हाती लागू देऊ नका." मग वळून त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला.

परतीच्या एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. संपलेली बॅटरी अजून त्यांच्या मांडीवरच होती. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुझं काम राहिलं. आता तरी बोल माझ्याशी."

माझं तोंड म्हणजे घराबाहेर कुणालाही पुरून उरणारं. पण त्या वेळी मी फक्त बॅटरी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि माझ्या मांडीवर घेतली.

"अजून रागच हाय का?" त्यांनी घाबरत विचारलं.

मी मान हलवली, नाही नाही म्हणून, आणि नगर येईपर्यंत हलवतच राहिले.