त्याच्या तोंडानं भांड!

जुन्नरपासून भीमाशंकरपर्यंत हिंडा, दुसऱ्याचं भांडण माझ्या साडूंइतक्या आनंदानं ऐकणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही! कुठं दोन आवाज चढले की यांच्या अंगात वारं शिरतं. हातातला चहा तसाच ठेवून ते धावत सुटतात, आणि तेही भांडण मिटवायला नाही, नीट पेटवायला! जुन्नरजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ते मुकादम आहेत. "गप बसा" असं त्यांनी तिथं कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. उलट कुणी तोंड फुगवून काम करताना दिसला, की हे त्याच्यासमोर बसकण मारतात. "बोल राव, पोटात ठिवू नको, नासंल!"

मोबाईलवरच्या निरोपांशी मात्र त्यांचं हाडवैर. एकदा त्यांनी ग्रुपवर 'उद्या लवकर या' असं लिहिलं आणि वजनकाट्यावरच्या माणसानं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. साडू तडक त्याच्या खोडदच्या घरी! "मला अंगठा दावतो व्हय?" तो बिचारा म्हणाला, "आवो, म्या व्हय म्हनलो!" साडू इतके खूश झाले की तिथंच जेवून आले.

पण त्यांची खरी करामत पुढंच आहे. दोघं भांडले की ते हुकूम सोडतात, "आता त्याच्या तोंडानं भांड!" म्हणजे प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची, तीही हातवारे करून, पुरत्या रागानं. मला हा पोरखेळ वाटायचा. यंदाच्या हंगामात तो डोळ्यांनी पाहिला आणि मी गारच पडलो.

तळेघरची एक ताई तिथं पॅकिंग सांभाळते. तिला आणि बाकीच्या बायकांना टेम्पोतून ने-आण करणारा ड्रायव्हर तिच्याच गावचा. एका दुपारी तो फाटकातून ओरडला, "ताई, येतो गं!" आणि निघून गेला. ताईला वाटलं, हा आत्ता परत येतोय. त्याच्या टेम्पोत चढवायला तिनं भरलेले क्रेट बाहेर काढून ठेवले. पठ्ठ्या उगवला थेट संध्याकाळी, बायकांना न्यायला! तोवर उन्हात द्राक्षं मऊ पडलेली. मालकानं ताईला सगळ्यांदेखत झापलं. ताईनं शपथ घेतली, या टेम्पोत पुन्हा पाय ठेवायचा नाही. पण तळेघरहून वेळेवर यायला दुसरं काही नाही. दुसऱ्या दिवशी ती दुपारी येऊन पोचली, तेव्हा मालकानं बजावलं, उद्या उशीर झाला तर दुसरी बाई बघतो.

त्याच दिवशी साडूंनी दोघांना समोरासमोर बसवलं. मी शाळामास्तर; शाळा सुटल्यावर नेमका तिथंच गेलो होतो.

ड्रायव्हरनं नाक मुरडून ताईच्या तोंडानं सुरुवात केली, "ह्यो येतो म्हनला. मी आपली क्रेट काढून वाट बघती. इकडं बघती, तिकडं बघती. मंग समद्या बायांम्होरं मालक मलाच..." तो अडखळला आणि मान खाली घालून बसला.

"आता तू," साडू म्हणाले.

ताई कंबरेवर हात ठेवून कडाडली, "आगं, निगताना मानूस येतोच म्हनतो की! जातो कसं म्हनू? आमचा बा..." तिचा आवाज एकदम खाली आला. "आमचा बा जातो म्हनून गेला, त्यो आलाच न्हाई. तवापासनं आय घरात कुनाला जातो म्हनू देत न्हाई."

ड्रायव्हरनं मान वर केली. "तुला म्हाईत व्हतं?"

"समद्या गावाला म्हाईत हाय. त्या दिशी माज्याच ध्यानात आलं न्हाई."

संध्याकाळी ताई टेम्पोत चढली, तीही पुढं, केबिनमध्ये! फाटक ओलांडायच्या आत तिचा आवाज आला, "फुडच्या टायमाला कुटं निगालास त्ये बी सांगत जा!" आणि त्याचा, "तू बी इचारत जा की!"

साडूंनी टाळीच वाजवली. "ऐका पावणं, ऐका! भांडत्यात!"

टेम्पो वळणाआड गेला तरी ते उभेच होते. मी म्हणालो, "चला, घरी सोडतो."

"थांबा की जरा. घरी काय हाय? तुमची मेव्हणी गेल्यापासनं माज्यावर चिडायला बी कुनी न्हाई."

थोरल्या मेव्हणीचा तो खणखणीत आवाज मला एकदम आठवला. मग मी आवाज चढवला, "परवा आमच्या दारावरून गेलात आणि चहालाही थांबला नाहीत! ही काय रीत झाली?"

साडूंनी डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि ते म्हणाले, "आसं व्हय? मंग आता ऐकाच!"