सुपातली मटकी-चवळी
शेजारी बांगडा तळायला टाकला की मला घाटकोपरच्या चाळीतली आमची खोली आठवते. माझी गिरणी बंद पडून मी घरी बसलो त्या सालची गोष्ट. माझी आई विसरायला लागली होती, ताटावरून उठायची आणि म्हणायची, "अजून जेवूक नाय." डॉक्टरनं सांगितलं, मासे, पालेभाजी द्या, रोज चालवा आणि डोक्याला काम द्या. बायकोनं ते मनावरच घेतलं. सकाळी आईला हात धरून नाक्यापर्यंत न्यायची. दुपारी मूग, मटकी, चवळी सुपात मुद्दाम मिसळून पुढ्यात ठेवायची, "आई, वाण्यानं सगळं एकत्रच दिलंय, निवडा बघू." आई निवडत बसायची. मला ते बघवेना. एकदा बायको नळावर गेली तसं मी सांगून टाकलं, "अगं, वाणी कसला, तुझी सूनच मिसळते." "गप रव," आई म्हणाली, "माका ठावक आसा. तिका वाटता मी बरी होतंय. वाटांदे." तेवढ्यात बायको कळशी घेऊन आत आली, तशी आई मोठ्यानं ओरडली, "ह्या वाण्याच्या तोंडात माती!" बायको खूश. पुढं आई मलाही ओळखेनाशी झाली. आता दोघीही नाहीत. माझं मन राखायला खोटं बोलेल असं घरात कोणी उरलं नाही.