चढावरचा आवाज

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायको गेली, तिलाही सांगितली नाही. आता लिहायला बसलोय.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज. आता मुलगा बघतो. आबा स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि दुखणं सांगतात, असं लोक माझ्याबद्दल म्हणायचे. खरं होतं ते — एके काळी. मग एका हिवाळ्यात लक्षात आलं की स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी मला ऐकू येत नाही. जाड आवाज यायचे, बारीक गेले होते. कुणाला सांगणार? माणसं माझ्या कानासाठीच तर यायची. मी नुसती मान डोलवायला शिकलो.

त्याच सुमाराला सुजाता आली. वरकुटे गावची मुलगी, लोणी देवकरला कंपनीत नोकरी, स्वतः गाडी चालवत जायची. इंजिनाचा दिवा पेटलेला आणि गाडीला ओढ नाही. स्कॅनरनं नॉक सेन्सरचा दोष दाखवला. हा सेन्सर म्हणजे इंजिनाचा कान. पेट्रोल अवेळी पेटून आत खडखड झाली की तो ऐकतो, आणि गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडून इंजिन वाचवतो.

तिच्या घराशेजारचा ऊस नुकताच तुटला होता. ऊस तुटला की फडातले उंदीर गाड्यांच्या बॉनेटखाली आसऱ्याला येतात, हे आमच्याकडं कुठल्याही गॅरेजवाल्याला माहीत. सेन्सरची वायर कुरतडली असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. पण तिथवर पोचायचं तर इंजिनावरचं बरंच काही उतरवावं लागतं.

मी उतरवलं नाही. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, काही ऐकू आलं नाही, आणि सांगून टाकलं — इंजिन शांत आहे. वायरीत वरच्या वर एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा बारका तुकडा, जोडला. कॉम्प्युटरला वाटलं, कान शाबूत आहे. दिवा विझला, ओढ आली. पण आता त्या इंजिनाचं ऐकणारं कुणीच उरलं नव्हतं.

ती परत आली. सांगू लागली, चढाला आवाज येतो, लाह्या फुटल्यासारखा. मी शेजारी बसलो. रेल्वेच्या पुलावर गाडी चढताना ती म्हणाली, "हा बघा आबा, आला."

मला काहीच ऐकू आलं नाही.

त्या चढावर जी भीती वाटली ती कशी सांगू? ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं — पोरी, मला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दाखव. मी म्हणालो, "खालचा पत्रा वाजतोय." खाली उतरून पत्र्याचा एक बोल्ट आवळला. तो आधीच घट्ट होता.

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये?

पुढं एका दुपारी तिच्या वडिलांचं तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. तिनं त्यांना गाडीत घातलं आणि बारामतीकडं निघाली. अर्ध्या वाटेत इंजिन धूर सोडून बंद पडलं. पुढं-मागं उसाच्या ट्रॉल्या, वर ऊन, मागच्या सीटवर बाप. कुणाची तरी जीप मिळेपर्यंत बराच वेळ गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. म्हातारा जगला, पण बोलला नाही. शेवटपर्यंत नाही.

गाडी ओढत माझ्याच दारात आणली. मी एकट्यानं इंजिन खोललं. एका पिस्टनला भोक पडलं होतं. खाली वायर कुरतडलेली, उंदराच्या लेंड्याही तिथंच. रेझिस्टर काढून खिशात टाकला. नवी वायर, नवा सेन्सर — आधीच करायचं होतं ते सगळं तेव्हा केलं.

सुजाताचा भाऊ प्रशांत आला, मागं ती उभी. त्यानं विचारलं, कशानं झालं? मी म्हणालो, "चढाला खालचा गिअर टाकत नसंल. इंजिनाला दम लागतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "आबा, आवाज येतोय म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं."

प्रशांत हसला. "आबांपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय? बापाची वाचा वाटंत घालवलीस, आता तरी गप बस."

ती गप्प बसली. मीही बसलो — खिशातल्या हातात तो रेझिस्टर धरून.

त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही. कंपनीच्या बसनं जाते. बाप तिच्यामुळं मुका झाला, असं तिच्या घरात आजही बोललं जातं. दारात गाडी थांबली की मला ऐकू येत नाही, पायाखालची फरशी थरथरते तेवढी कळते. तीच आली असेल असं वाटतं. वरकुट्याला जायला मी अनेकदा निघालो आणि इंदापूरच्या फाट्यावरून माघारी फिरलो.

त्या पुलावर आवाज होता. सुजाताला तो ऐकू आला होता, आणि तिनं गिअर वेळेवर टाकला होता. मी शेजारी बसलो होतो. मी पाहिलं होतं.